स्त्रीनामे, मराठी
मराठी भाषक समाजात स्त्रीला जन्मानंतर, आणि पुष्कळ जातींत विवाहाच्या वेळी पुन्हा एकदा, दिली जाणारी व्यक्तिनामे. त्यांची परंपरा सातवाहनकालीन कोरीव लेखांपासून सलग दाखविता येते. ह्या नामांचा अभ्यास दोन अंगांनी होतो. एक अंग भाषेचे : नाव कोणत्या शब्दापासून आले, त्याचा मूळ अर्थ काय व त्याचे रूप कसे बदलत गेले. दुसरे अंग समाजाचे : नाव कोणी ठेवले, ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि ते स्त्रीजवळ आयुष्यभर राहिले की नाही. पुरुषाचे नाव बहुधा जन्मभर एकच राहते. मराठी स्त्रीच्या बाबतीत मात्र नावाचा अर्थ आणि नावावरचा हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. म्हणूनच स्त्रीनामांचा इतिहास हा केवळ व्युत्पत्तीचा इतिहास राहत नाही.

नाम आणि अर्थ : स्थलनामाचा अर्थ पुष्कळदा उघड असतो. नागपुरातील लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार, हे तेथील लाकडाच्या वखारी पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. व्यक्तिनामाचे तसे नसते. ते ठेवताना अर्थ मनात असला, तरी वापरात तो मागे पडतो आणि नाव ही एका व्यक्तीची केवळ खूण उरते. ही गोष्ट सर्व भाषांत आढळते. जुन्या जर्मन स्त्रीनामांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधक आहे. ‘गेर्ट्रूड’ हे नाव भाला व बळ ह्या अर्थांच्या दोन शब्दांचे बनले आहे. ‘माटिल्ड’मध्ये सामर्थ्य व युद्ध, तर ‘हेडविग’मध्ये लढाई ह्याच अर्थाचे दोन शब्द एकत्र आले आहेत. ‘आडेलहाइड’ म्हणजे कुलीन वृत्तीची. ही नावे धारण करणाऱ्या नंतरच्या स्त्रियांना भाल्याची वा लढाईची आठवण राहिली नव्हती. घरात तर त्यांची ट्रूडे, हायडी अशी लहान रूपेच चालत. दोन शब्दांच्या समासाने नाव बनविण्याची ही पद्धती इंडो-यूरोपीय भाषाकुलाचा जुना वारसा असून संस्कृतातील विष्णुदत्ता, संघमित्रा इ. नावे त्याच पद्धतीची आहेत. गोदावरीची गोदू व यमुनेची यमू होणे आणि आडेलहाइडची हायडी होणे, ह्यांमागील भाषिक प्रवृत्तीही एकच आहे.

कोरीव लेखांतील नामे : महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ज्ञात स्त्रीनामांपैकी एक नाणेघाटातील लेण्यात आढळते. तेथे सातवाहन राणी नागनिका किंवा नायनिका हिचे नाव कोरलेले आहे. ते ‘नाग’ ह्या शब्दापासून साधलेले आहे. नासिकच्या लेण्यांत अशी अनेक नावे मिळतात. क्षत्रप नहपान ह्याची कन्या व उषवदात ह्याची पत्नी दक्षमित्रा ही प्राकृत लेखात ‘दखमिता’ अशी येते. आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या काळातील एका लेखात विष्णुदत्ता ह्या स्त्रीने भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधोपचारासाठी दिलेल्या देणगीची नोंद आहे. ती शक अग्निवर्म्याची कन्या, रेभिलाची पत्नी व विश्ववर्म्याची माता होती. तिची ओळख तीन पुरुषांच्या नात्याने दिली असली, तरी दात्री म्हणून नाव तिचेच आहे. विष्णूने दिलेली अशा अर्थाचे नाव धारण करणाऱ्या ह्या शक कुळातील उपासिकेने दान केले ते बौद्ध संघाला. यावरून नावाचा अर्थ व नाव धारण करणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा ह्यांचा मेळ असतोच असे नाही, हेही दिसून येते.

सातवाहन राजांनी आपल्या नावांआधी मातेचे नाव लावले, हे विशेष लक्षणीय होय. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, माठरीपुत्र ह्या नामांतील गौतमी, वासिष्ठी, माठरी ही रूपे मातेच्या गोत्रावरून आलेली आहेत. नासिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील प्रसिद्ध लेख गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा असून तो पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. त्यात ‘गौतमी’ हे कुलाचे व ‘बलश्री’ हे स्वतःचे, अशी दोन्ही नामे एकत्र आली आहेत.

प्रभावतीगुप्ता : स्त्रीने आपले माहेरचे नाव टिकविल्याचे सर्वांत ठळक प्राचीन उदाहरण विदर्भातील आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त व नागकुलातील कुबेरनागा ह्यांची कन्या प्रभावती हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन ह्याच्याशी झाला. पतीच्या निधनानंतर चौथ्या शतकाच्या अखेरीस व पाचव्याच्या आरंभी तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहिला. नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ असलेल्या नंदिवर्धन (आजचे नगरधन) येथून दिलेल्या तिच्या पुणे ताम्रपटात, तसेच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेल्या ताम्रपटात, आरंभी वाकाटकांची नव्हे, तर पित्याच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिलेली आहे. वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे होते. प्रभावतीने मात्र आपले गोत्र ‘धारण’ असे पित्याकडचे सांगितले आहे. ‘गुप्ता’ हा तिच्या नावाचा उत्तरार्धही माहेरचाच. विवाहाने स्त्री पतीच्या गोत्रात जाते, ह्या धर्मशास्त्रातील सर्वसामान्य समजुतीशी हे जुळत नाही.

ह्यामागे गुप्त सम्राटांचे राजकीय वर्चस्व होते, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादन नागपूरचे ज्येष्ठ संशोधक वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) ह्यांनी केले व तो खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नगरधन येथे २०१५–१८ ह्या काळात झालेल्या उत्खननात ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव व त्यासोबत शंखाची आकृती असलेली मातीची मुद्रा सापडली. राज्यकर्ती म्हणून तिचे नाव प्रत्यक्ष व्यवहारात चालत होते, ह्याचा हा पुरावा होय. माहेरचे नाव टिकणे प्राचीन काळी अशक्य नव्हते. त्यासाठी पाठीशी सत्ता मात्र असावी लागे.

शास्त्र व रूढी : पारस्कर गृह्यसूत्राने मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायानुसार ते उच्चारास सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल व दीर्घ स्वराने संपणारे असावे. ह्याच अध्यायात वर्णानुसार नावे सांगताना शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असा नियम आहे. तिसऱ्या अध्यायात जिचे नाव नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा सर्प ह्यांच्यावरून ठेवलेले आहे, अशा मुलीशी विवाह करू नये असे म्हटले आहे.

मराठी समाजाने ह्यांपैकी पहिले नियम थोडेफार पाळले. विवाहविषयक निषेध मात्र सरसकट बाजूस सारला. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी, भागीरथी, चंद्रभागा, इंद्रायणी ही नद्यांची. रोहिणी, रेवती, अनुराधा ही नक्षत्रांची. तुळसा, चंपा, शेवंता, जाई ही वनस्पतींची. मैना, साळू ही पक्ष्यांची नावे महाराष्ट्रात सर्व जातींत रूढ झाली. गंगा, सीता, राधा ह्या दोन अक्षरी नावांनी विषम अक्षरांचा नियमही मोडला. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अवकहडा चक्राप्रमाणे येणारे जन्मनाव वेगळे व व्यवहारातील नाव वेगळे, अशी तडजोडही पुढे झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान मात्र आत्याचा, म्हणजे पित्याच्या बहिणीचा राहिला.

मध्ययुगीन नामे : यादवकालीन मराठीत स्त्रीनामांचे एक वेगळे रूप महानुभाव पंथाच्या ग्रंथांत दिसते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, आउसा अशी नावे वारंवार येतात. त्यांत आई, बाई, आऊ हे नातेवाचक शब्द मूळ नावाशी एकरूप झाले असून ‘सा’ हा आदरार्थी अंश त्यांना जोडलेला आहे. महदाइसा किंवा महदंबा ही आद्य मराठी कवयित्री मानली जाते. एकाच स्त्रीच्या नावात कोठे ‘आई’ हा देशी, तर कोठे ‘अंबा’ हा संस्कृत शब्द यावा, ही त्या काळच्या भाषेची खूण आहे. आई, अक्का, अव्वा ह्यांसारख्या शब्दांचे दाक्षिणात्य भाषांतील शब्दांशी असलेले साम्यही अभ्यासकांनी दाखविले आहे.

संतमंडळात मुक्ता, जना, निर्मळा, सोयरा, बहिणा ही नावे आढळतात. मुक्ता ह्या नावात मोती व बंधनातून सुटलेली, हे दोन्ही अर्थ आहेत. सोयरा व बहिणा ही सरळ नात्याची नावे आहेत. सोयराबाई हे चौदाव्या शतकातील संत चोखामेळा ह्यांच्या पत्नीचे नाव. तेच सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका राणीचे होते. नावांपैकी काही जातीच्या सीमा ओलांडून जात, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

‘बाई’ हे उत्तरपद मराठेशाहीत मानाचे ठरले. जिजाबाई, येसूबाई, ताराबाई, उमाबाई, अहिल्याबाई ह्या नावांत ते अविभाज्य झाले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात दुसरे रघूजी ह्यांची पत्नी बाकाबाई (मृ. १८५८) ही १८१८ नंतर तिसरे रघूजी अल्पवयीन असताना राजघराण्यातील प्रमुख व्यक्ती होती, तत्कालीन कागदपत्रांत तिचा निर्देश ह्या मानाच्या नावानेच येतो. विसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गात ‘बाई’ हा शब्द घरकाम करणारी स्त्री किंवा शाळेतील शिक्षिका ह्या अर्थांनी अधिक वापरला जाऊ लागला, तेव्हा सुशिक्षित स्त्रियांच्या नावांतून तो गळत गेला व ‘ताई’ हे उत्तरपद पुढे आले.

रुक्मिणी व रखमा : संस्कृत नाव लोकभाषेत कसे रुळते, ह्याचा उत्तम नमुना म्हणजे विदर्भाशी जोडले गेलेले रुक्मिणी हे नाव. ‘रुक्म’ म्हणजे सुवर्ण. त्यावरून रुक्मिणी म्हणजे सुवर्णालंकारांनी युक्त अशी. पुराणकथेप्रमाणे ती विदर्भराज भीष्मकाची कन्या असून तिची नगरी कुंडिनपूर ही अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरशी एकरूप मानली जाते. महदंबेचे धवळे हे रुक्मिणीच्या विवाहाचे गीत आहे. एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर (१५७१) घरोघर वाचले गेले. पंढरपुरी ती विठ्ठलाची रखुमाई झाली आणि सामान्य घरांत रखमा, रखमाबाई, रखमी. ह्या प्रवासात सोन्याचा मूळ अर्थ लोपला. विठ्ठलाच्या शेजारी उभी असलेली देवी, एवढाच अर्थ लोकमनात उरला.

इतर नावांतही असे ध्वनिपरिवर्तन झाले आहे. राधिका ह्या नावाचे प्राकृतातून राही झाले, सखीचे सई झाले. द्रौपदीची धुरपदा झाली. अनसूया म्हणजे मत्सररहित. तिची अनुसया व पुढे अनसा झाली व अर्थबोधक ‘न’ नाहीसा झाल्यासारखे वाटू लागले. यशोदेची येसू, लक्ष्मीची लक्षुमी ही रूपेही ह्याच प्रकारची. शिक्षणाच्या प्रसारानंतर शाळेच्या पटावर ह्या नावांची संस्कृत रूपे पुन्हा लिहिली जाऊ लागली. मात्र घरातले नाव पुष्कळदा जुनेच राहिले.

हीनतादर्शक व रक्षक नामे : सर्वच नावे मंगल अर्थाची नसत. आधीची मुले दगावली असता पुढच्या अपत्यास दृष्ट लागू नये, म्हणून दगडी, धोंडी, कचरी अशी नावे ठेवीत. त्यांमागे अवहेलना नव्हे, तर मूल जगावे ही इच्छा होती. जन्मवारावरून मंगळी, बुधी अशी नावे ठेवण्याची रीतही श्रमिक व आदिवासी समाजांत होती. ह्यांहून वेगळा प्रकार म्हणजे नकोशी, नकुसा ही नावे. मुलींमागून मुली झाल्या असता, आता तरी मुलगा व्हावा, ह्या अपेक्षेने ती ठेवली जात. रक्षक नावात मूल हवेसे असते. येथे ते नको असते. अर्थाच्या दृष्टीने ही मराठी स्त्रीनामांतील सर्वांत उघड व सर्वांत कठोर नावे होत.

विवाहोत्तर नामांतर : ब्राह्मण व अन्य अनेक जातींत विवाहप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची रूढी होती. ताटात तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाई. नाव बहुधा पतीने किंवा सासरच्या वडीलधाऱ्यांनी निवडलेले असे. सासू, नणंद किंवा जाऊ ह्यांचे तेच नाव असणे, पतीच्या नावाशी नारायण–लक्ष्मी अशी जोडी जुळविणे, किंवा केवळ आवड, ही त्याची कारणे असत. विवाह बालवयात होत असल्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलीला एका दिवसात नव्या घराबरोबर नवे नावही पत्करावे लागे. जुने नाव फक्त माहेरी उरे.

मराठी इतिहासातील अनेक प्रसिद्ध स्त्रिया सासरच्या नावांनीच ओळखल्या जातात. झांशीच्या राणी लक्ष्मीबाई ह्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) माहेरी यमुना कुर्लेकर होत्या. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक आनंदीबाई जोशी (१८६५–८७) ह्याही जन्माने यमुना. अमेरिकेत १८८६ मध्ये मिळालेली वैद्यकाची पदवी त्यांनी सासरच्या नावाने घेतली. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले होते. पतीचे नाव नारायण असल्याने लक्ष्मी हे नाव जोडीला साजेसे झाले. गोदूबाई ह्या विधवेचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याशी विवाह झाल्यावर डॉ. शारदा कबीर ह्यांचे नाव सविता झाले. हरि नारायण आपटे ह्यांच्या पण लक्षात कोण घेतो! ह्या कादंबरीची निवेदक यमू हीच आहे. यमुना हे नाव त्या पिढीत किती घरोघरी होते, हे ह्या उदाहरणांवरून लक्षात येते.

ही रूढी यूरोपीय रूढीहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळी आहे. जर्मनीत १ जानेवारी १९०० रोजी अंमलात आलेल्या नागरी संहितेने पत्नीला पतीचे कुलनाम घेणे बंधनकारक केले होते. पतिपत्नींचे कुलनामाविषयी एकमत न झाल्यास पतीचेच कुलनाम चालावे, हा उरलेला नियमही तेथील संविधान न्यायालयाने १९९१ मध्ये समतेच्या विरुद्ध ठरविला. मात्र तेथे बदलत असे ते कुलनाम. बाप्तिस्म्याच्या वेळचे स्वतःचे नाव विवाहाने बदलत नसे. मराठी वधूचे मधले नाव व आडनाव तर बदलेच. त्याबरोबर स्वतःचे नावही बदले. पित्याच्या घरातील तिच्या नावाचा कोणताच भाग व्यवहारात शिल्लक राहत नसे.

पतिनिधनानंतर नाव तेच राहिले, तरी त्याआधीची उपाधी बदले. कुमारी, सौभाग्यवती, गंगाभागीरथी ह्या उपाध्यांनी कु., सौ. व गं. भा. ह्या अक्षरांतून स्त्रीची वैवाहिक स्थिती लग्नपत्रिकेपासून खरेदीखतापर्यंत सर्वत्र जाहीर होत असे. पुरुषाच्या नावाआधीच्या ‘श्री.’मधून अशी कोणतीही माहिती मिळत नाही. विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ ही उपाधी शासकीय पातळीवर वापरावी, ह्या २०२३ मधील सूचनेस महाराष्ट्रात तीव्र विरोध झाला.

नामावरील हक्क : एकोणिसाव्या शतकात काही स्त्रियांची नावे ह्या चाकोरीबाहेर टिकून राहिली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हा निबंध लिहिला. त्यांचे शिंदे हे आडनाव पिता बापूजी हरी शिंदे ह्यांचे होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनी १८८० मध्ये बंगाली गृहस्थाशी विवाह केला. तरी ‘रमाबाई’ हे जन्मनाव व ‘पंडिता’ ही विद्वत्तेने मिळविलेली पदवी ह्यांनीच त्या जगाला परिचित झाल्या.

डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) ह्यांच्या बाबतीत नाव हा सार्वजनिक प्रश्नच बनला. बालपणी झालेला विवाह मानण्यास त्यांनी नकार दिला आणि पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये पतीकडे नांदावे अन्यथा कारावास भोगावा, असा आदेश झाला. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. ह्याच काळात त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया ह्या वृत्तपत्रात स्वतःचे नाव न देता ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून पत्रे लिहिली. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे काम केले. ज्या पतीचा हक्क त्यांनी नाकारला, त्याचे नाव त्यांच्या नावाला इतिहासातही चिकटले नाही.

१९५६ नंतरचे परिवर्तन : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ह्या घटनेचा परिणाम नामकरणावरही झाला. अस्पृश्य मानलेल्या जातींना चांगल्या अर्थाचे नाव ठेवण्याचीही मुभा नसावी, असे सुचविणाऱ्या जुन्या नियमाला हे प्रत्यक्ष उत्तर होते. विदर्भात व इतरत्र बौद्ध कुटुंबांतील मुलींची नावे यशोधरा, सुजाता, संघमित्रा, विशाखा, गौतमी, प्रज्ञा, करुणा अशी ठेवली जाऊ लागली. भीमाई व रमाई ही डॉ. आंबेडकरांच्या माता व पत्नी ह्यांची नावे आदराने घेतली जाऊ लागली. नासिकच्या लेण्यातील ‘गौतमी’ हे राजमातेचे गोत्रनाम होते. नव्या गौतमीचा संबंध गोत्राशी नाही. तो बुद्धाला वाढविणाऱ्या व भिक्षुणीसंघात पहिली ठरलेल्या महाप्रजापती गौतमीशी आहे. शब्द तोच राहून त्यामागील अर्थ पूर्णपणे बदलावा, असे हे उदाहरण आहे.

विसाव्या शतकातील प्रवृत्ती : शतकाच्या आरंभापासून काव्यनाटकांतील व अनुवादित कादंबऱ्यांतील मालती, नलिनी, कुसुम, सुलोचना, सुमन ही नावे शहरी घरांत आली व देवतांची आणि नद्यांची जुनी नावे मागे पडली. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) ह्यांचे नाव मात्र नदीवरूनच ठेवलेले होते. त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला व तेथील इरावती नदीवरून हे नाव दिले गेले. ‘इरा’ म्हणजे जल वा अन्नरस. इरावती म्हणजे जलसमृद्ध. विवाहानंतर त्यांचे करमरकर हे आडनाव बदलले, पण नाव तेच राहिले. १९३० मध्ये बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्या ह्या विदुषीने पुढे भारतातील नातेसंबंधांचा पायाभूत अभ्यास केला.

ह्याउलट, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एव्ह इव्होन मादे द मारोस ह्यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर ह्या मराठी सैनिकी अधिकाऱ्याशी विवाह केला व त्या सावित्रीबाई खानोलकर (१९१३–९०) झाल्या. परमवीरचक्राची रचना त्यांची आहे. एव्ह म्हणजे बायबलमधील आद्य स्त्री. सावित्री म्हणजे सवितृदेवाची कन्या व पतिनिष्ठेचा आदर्श. भाषा, धर्म व देश ओलांडून आलेल्या स्त्रीलाही विवाहोत्तर नामांतराची मराठी चौकट लागू पडली, हे येथे दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विवाहाचे वय वाढले. शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे, नोकरी व बँकखाते ह्यांमुळे नाव बदलणे अडचणीचे होऊ लागले. बदल नोंदवावयाचा, तर शासकीय राजपत्रात तो प्रसिद्ध करण्याचा मार्ग असला, तरी तो खर्च व श्रम स्त्रीलाच करावे लागत. परिणामी स्वतःचे नाव बदलण्याची रूढी शहरी सुशिक्षितांत क्षीण होत गेली. माहेरचे व सासरचे अशी दोन आडनावे जोडून लिहिण्याची पद्धतीही रूढ झाली.

नावातील अन्यायाची दखल शासनयंत्रणेने घेतल्याची दोन उदाहरणे उल्लेखनीय आहेत. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या समारंभात नकोशी, नकुसा ह्या नावांच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र ह्या राजनामांतील मातेचा निर्देश ह्यामुळे सुमारे एकोणीस शतकांनी सर्वसामान्यांच्या नावात आला; तेथे मातेचे गोत्र होते, येथे मातेचे स्वतःचे नाव आहे. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लावण्याची प्रचलित पद्धती मात्र ह्या निर्णयानेही कायम ठेवली.